धूळ, दस्तऐवज आणि वर्ण

म्युरिअल रुकायझर या अमेरिकन कवयित्रीची ‘द बुक ऑफ द डेड’ ही १९३८ सालची कवितामाला आपल्या कवींनी वाचलीच पाहिजे. वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्टचा बोगदा १९३० साली खणायला घेतला तो युनियन कार्बाइडच्या विजेसाठी. (होय, १९८४ च्या भोपाळ वायुकांडातले तेच कार्बाइड.) खडक बराचसा सिलिकाचा. पाणी मारून भोके पाडली असती तर धूळ बसली असती. पण काम मंदावते म्हणून ड्रिल कोरडेच चालवले. मजुरांची फुप्फुसे निकामी झाली. सातशेहून अधिक माणसे मेली, असा डॉ. मार्टिन चेर्निॲक यांचा १९८६ सालचा अंदाज आहे. मजुरांत सुमारे तीन-चतुर्थांश काळे होते.

रुकायझर चौकशीतल्या साक्षी, एक्स-रे, कंपनीच्या शेअरचा भाव यांतूनच कविता उभी करते. ‘दस्तऐवज म्हणजे काव्य नव्हे’ असे दलित साहित्याला ऐकवणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

तरीही माझा एक आक्षेप आहे. या मालेत मनावर ठसते ती तीन मुलगे गमावलेली गोरी आई. काळ्या मजुराच्या वाट्याला मुख्यतः एकच कविता येते आणि तीत पांढऱ्या धुळीने काळे-गोरे सारखेच दिसू लागतात. प्रतिमा जबरदस्त आहे. पण धुळीने झाकलेला वर्ण भरपाई वाटताना पुन्हा उघडा पडला: काळ्यांना गोऱ्यांपेक्षा कमी रक्कम मिळाली, वकिलांनी आपला मोठा वाटा काढून घेतला तो वेगळाच. मरण सारखे, किंमत वेगळी. धुळीची ती प्रतिमा इथे अपुरी पडते.