लोरेंझो वाल्लाचा दानपत्रनिबंध : शब्दांची साक्ष

एखादा दस्तऐवज बनावट असल्याचा संशय येणे निराळे आणि तो बनावट असल्याचे सिद्ध करणे निराळे. लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने १४४० साली लॅटिनमध्ये लिहिलेला ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ या विषयावरील निबंध हा भेद समजून घेण्यासाठी आजही वाचावा असा आहे. मात्र त्याचा जो भाग सर्वाधिक आवेशपूर्ण आहे, तोच पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळा आहे, हे आरंभीच नोंदविले पाहिजे.

कुष्ठरोगातून मुक्तता झाल्याबद्दल सम्राट कॉन्स्टंटाइनने पोप सिल्व्हेस्टर यास रोम, इटली व पश्चिमेकडील प्रांत बहाल केले, असा या दानपत्राचा मजकूर. पोपच्या ऐहिक सत्तेचा आधार म्हणून मध्ययुगात ते वारंवार पुढे केले गेले. वाल्लापूर्वी कोणाला शंका आलीच नाही असे नव्हे. निकोलस ऑफ क्यूसा याने १४३३ च्या सुमारास, जुन्या ग्रंथांत या दानाचा उल्लेख आढळत नाही, याकडे लक्ष वेधले होते. परंतु उल्लेखाचा अभाव हा नकारात्मक पुरावा होय.

वाल्ला प्रथम वक्तृत्वाचा आश्रय घेतो. सम्राटाचे पुत्र, रोमचे सभासद आणि स्वतः सिल्व्हेस्टर यांच्या मुखी तो कल्पित भाषणे घालतो. कोणता राजा अर्धे राज्य देऊन टाकील, असा त्याचा प्रश्न. वाचकाला तो पटतो. पण राजे कधी अविचार करीतच नाहीत, हे गृहीत धरल्याखेरीज त्यातून काहीच सिद्ध होत नाही. सिल्व्हेस्टरच्या नावाचे एकही नाणे दाखवा, हे त्याचे आव्हान त्याहून पुष्कळच ठोस आहे.

निबंधाचे खरे सामर्थ्य प्रकटते ते दानपत्रातील शब्द एकेक करून तपासताना. रोमच्या अधिकाऱ्यांत ‘सत्रप’ कोठून आले, असे तो विचारतो. ही पदवी इराणी साम्राज्यातील प्रांताधिपतींची. दानपत्रात कॉन्स्टँटिनोपलचा धर्मपीठ म्हणून उल्लेख येतो. परंतु त्यातील कथेनुसार दान घडले तेव्हा ते नगर वसलेलेच नव्हते. मुकुट शुद्ध सुवर्णाचा व रत्नजडित असल्याचे म्हटले आहे. वाल्लाच्या मते त्या काळी ‘डायडेम’ म्हणजे वस्त्राची पट्टी होय. येथे वाल्ला लेखकाच्या हेतूविषयी तर्क करीत नाही. लेखकाला जे ठाऊक असणे अशक्य होते ते त्याने लिहिले, आणि जे ठाऊक असायलाच हवे होते ते चुकविले, एवढेच तो दाखवितो. हा पुरावा वाचकाच्या पोपविषयीच्या मतावर अवलंबून राहत नाही.

मराठी वाचकाला अशा प्रसंगी ‘ध’चा ‘मा’ आठवणे स्वाभाविक आहे. पण त्या आख्यायिकेत खऱ्या पत्रातील एक अक्षर बदलले जाते. तशा आरोपाची शहानिशा करायची तर मूळ कागद, शाई, वळण पाहिले पाहिजे. वाल्लापुढे मूळ पत्र नव्हतेच. ग्रेशियनच्या धर्मकायद्याच्या संग्रहात मागाहून शिरलेला पाठ तेवढा होता. स्वाक्षरी वा मुद्रा तपासण्याची सोय नसल्यानेच त्याला भाषेकडे वळावे लागले.

वाल्ला त्या वेळी आरागॉनच्या आल्फोन्सो राजाच्या आश्रयास होता आणि नेपल्सच्या राज्यावरून या राजाचे पोप चौथा युजीन याच्याशी वैर होते. म्हणून हा निबंध केवळ राजकीय प्रचार ठरतो काय? कल्पित भाषणांपुरता हा आक्षेप मान्य करावा लागेल. ‘सत्रप’ या शब्दापुढे मात्र तो लटका पडतो. पुरावा मांडणाऱ्याचा स्वार्थ पुराव्याला खोटे करीत नाही. पुढे पाचवा निकोलस पोप असताना, १४४८ मध्ये, याच वाल्लाला पोपच्या दरबारी नेमणूक मिळाली. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उलरिश फॉन हुटेनने निबंध छापून प्रसृत केला आणि १५२० मध्ये तो मार्टिन ल्यूथरच्या वाचनात आला.

वाल्लाची उणीव अन्यत्र आहे. बनावट लेखकाच्या अडाणी लॅटिनची तो यथेच्छ टर उडवितो. पण असे लॅटिन कोणत्या काळी व कोठे लिहिले जात असेल, हा प्रश्न तो फारसा विचारीत नाही. उत्तरकालीन अभ्यासकांनी तो विचारला आणि दानपत्राचा काळ सामान्यतः आठव्या शतकात नेला. ते रोममध्ये रचले गेले की फ्रँकांच्या राज्यात, याविषयी अद्याप मतभेद आहेत. या कालनिश्चितीत उपयोगी पडलेल्या शब्दांत ‘सत्रप’ हाही होता.