श्लोक वगळला, प्रश्न उरला

महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मे २०२४ मध्ये शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला. त्यातील मूल्यशिक्षणाच्या विवेचनात मनुस्मृतीतील एक श्लोक उद्धृत केला होता, आणि नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पाठांतरासाठी भगवद्गीतेचा बारावा अध्याय सुचविला होता. निषेध झाला, तो श्लोक अभ्यासक्रमात येणार नाही असे शासनाकडून सांगण्यात आले, आणि वाद शमला. आमच्या मते तो फार लवकर शमला. ज्या ग्रंथाचे बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन केले, त्यातील श्लोक वगळला जाणे आवश्यकच होते. परंतु ज्या समजुतीतून तो तेथे आला, तिची चिकित्सा झालीच नाही.

हा श्लोक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील १२१ वा. वडीलधाऱ्यांना नित्य वंदन करून त्यांची सेवा करणाऱ्याचे आयुष्य, विद्या, यश व बल वाढते, असा त्याचा आशय आहे. यात वावगे काय, असे कोणीही विचारू शकेल. या प्रश्नाला घोषणेने नव्हे, अभ्यासाने उत्तर दिले पाहिजे. कारण धम्मपदाच्या सहस्सवग्गातील १०९ वी गाथा जवळजवळ हेच सांगते. तेथे आयुष्य, कांती, सुख व बल वाढते, एवढाच फरक. मग एक वचन शिरोधार्य आणि दुसरे त्याज्य, ही विसंगती नव्हे काय?

नव्हे. वचनाचा अर्थ त्याच्या सोबतच्या वचनांनी ठरतो. मनुस्मृतीच्या त्याच अध्यायातील १३५ व्या श्लोकानुसार दहा वर्षांचा ब्राह्मण शंभर वर्षांच्या क्षत्रियाला पित्यासमान होय; १३७ व्या श्लोकानुसार शूद्र मानास पात्र होतो तो नव्वदी उलटल्यावर. येथे वय वडील नाही, वर्ण वडील आहे. उलट धम्मपदाच्या २६० व २६१ व्या गाथा सांगतात की केस पिकल्याने कोणी थेर होत नाही; सत्य, अहिंसा व संयम ज्याच्या ठायी आहेत तोच थेर. येथे वडीलपण शीलाने ठरते.

ही सर्व वचने अकरावी-बारावीच्या वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि ‘वडील म्हणजे कोण?’ एवढेच विचारावे. धर्म, तत्त्वज्ञान व नीती या तिन्हींचा अभ्यास त्या एका तासात सुरू होईल. पाठांतराने जीभ वळते. विवेक वळेलच असे नाही. केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी परंपरा आणि ग्रंथ यांचे प्रामाण्य सोडून स्वतः पारखण्यास सांगितले, ते याचसाठी.

हा प्रश्न शहरातील वर्गापेक्षा नंदुरबारच्या आश्रमशाळेत अधिक टोकदार होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातील अनेक भिल्ल व पावरा मुले घरापासून दूर राहून शिकतात. संपूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २८ सांगतो. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही सहभागासाठी अज्ञान विद्यार्थ्याच्या पालकाची संमती लागते. याहा मोगीला मानणारे आईबाप डोंगरात आणि मूल वसतिगृहात असताना ती संमती कोण विचारणार? धर्मांविषयीचा अभ्यास आणि धर्माची दीक्षा यांतील सीमारेषा येथे पाठांतराने सहज पुसली जाते.

शिवाय या मुलांना नीती बाहेरून आणून द्यावी लागते, हे गृहीतकच चुकीचे आहे. शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते उभे राहिले, १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली, आणि पुढे आदिवासी स्त्रियांनी दारूच्या गुत्त्यांवर चाल करून मडकी फोडली. त्यांनी पंचशील म्हटलेले नसेल. पाचव्या शीलाचे मर्म मात्र त्यांनी संसारातील दुःखातून जाणले होते. त्याच समाजात देवाला मोहाच्या दारूची धार देण्याची रीतही आहे. परंपरा मोठी की दुःखाचा अनुभव? हा प्रश्न शहाद्याच्या बारावीतील मुलीला आपल्या आजीला विचारता येईल. नीतिशास्त्राचा याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही.

शेवटी एक गोष्ट स्वतःलाही सांगितली पाहिजे. गीतेच्या जागी धम्मपद सक्तीने पाठ करून घेतले, तर आमचा दोष तोच राहील. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नीतीलाच धम्माचे स्थान दिले. आणि नीती हुकमाने येत नाही. राज्य मंडळाच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान व पाली हे विषय आहेत. आपल्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते शिकविले जातात काय, याची चौकशी प्रत्येक विहाराने करावी; नसल्यास ते सुरू करण्याची मागणी करावी. श्लोक वगळण्यासाठी निषेध पुरला. विचार करणारा विद्यार्थी घडविण्यासाठी तो पुरणार नाही.