शंभरपैकी शंभर, आणि तरीही

सोने अस्सल आहे की नाही हे पाहण्यासाठी सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो आणि तिच्यावर आम्लाचा थेंब टाकतो. हलक्या धातूची रेघ विरते, सोन्याची टिकते. यावरूनच इंग्रजीत कठोर परीक्षेला ‘ॲसिड टेस्ट’ म्हणू लागले आणि पुढे ब्राउझरच्या तीन परीक्षांनाही तेच नाव मिळाले. या परीक्षांचा जमाना आता सरला आहे. तरीही, परीक्षा घेणे हे ज्यांचे रोजचेच काम, त्या शिक्षकांनी या परीक्षांचीच एकदा परीक्षा करावी, असे आम्हाला वाटते.

मुळात अडचण काय होती? संकेतस्थळाचे पान हे तयार चित्र नसते, त्या लेखी सूचना असतात. त्या वाचून पडद्यावर पान मांडतो तो ब्राउझर. सूचना एकच असली तरी वाचणारे तिचे अर्थ वेगवेगळे लावू शकतात. समजा, एका चौकटीची रुंदी 200 एकके, आत दोन्ही बाजूंना 20-20 एकके मोकळी जागा आणि किनार 5-5 एककांची, अशी सूचना आहे. प्रमाण नियमानुसार 200 ही केवळ मजकुराची रुंदी, म्हणजे चौकट एकंदर 250 एककांची झाली पाहिजे. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोअरर 5 मात्र हे सारे 200 मध्येच बसवत असे. एका ब्राउझरमध्ये नीट दिसणारा रकाना दुसऱ्यात खाली घसरे, तो अशा कारणांनी.

चौकटींच्या अशाच मांडणीसाठी टॉड फाहर्नर यांनी 1998 साली पहिली ॲसिड परीक्षा तयार केली. दुसरी ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ या गटाने एप्रिल 2005 मध्ये जाहीर केली. तिचे पान नियमाप्रमाणे मांडले की एक हसरा चेहरा दिसे, आणि चुकले की चेहऱ्याच्या चिंध्या होत. या परीक्षेचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. त्या काळी एकाच ब्राउझरचे राज्य होते आणि ‘हे स्थळ अमुक ब्राउझरमध्येच पाहावे’ अशा पाट्या सर्रास लागत. नियमांची जाडजूड कागदपत्रे न वाचणाऱ्यालाही फाटलेला चेहरा मात्र लगेच कळे. सफारी 2005 साली, फायरफॉक्स 3 हा 2008 साली आणि इंटरनेट एक्सप्लोअरर 8 हा 2009 साली हा चेहरा नीट दाखवू लागले. दबाव कामी आला.

आमचा आक्षेप मुख्यतः तिसऱ्या परीक्षेवर आहे. इयन हिक्सन यांनी लिहिलेली ही परीक्षा मार्च 2008 मध्ये आली. तिच्यात शंभर उपचाचण्या होत्या आणि पडद्यावर गुण मोजले जात. गुण दिसू लागले की काय होते, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको! त्याच महिन्यात, एकाच दिवशी, दोन गटांनी शंभर गुण मिळाल्याचे जाहीर केले. पण शंभर गुण कशाचे? प्रश्न निवडले होते ते ब्राउझर जिथे चुकत होते अशा जागांमधून. संकेतस्थळे रचणाऱ्यांना ज्यांची रोज गरज पडते अशा गोष्टी त्यात असतीलच, याची खात्री नव्हती. मोझिलाच्या माइक शेव्हर यांनी तेव्हाच हा मुद्दा मांडला होता.

एक उदाहरण बोलके आहे. अक्षरांचे साचे ‘एसव्हीजी’ पद्धतीने देण्याची सोय फायरफॉक्सने केली नाही, कारण त्यासाठी दुसरी, अधिक चांगली पद्धत उपलब्ध होती. 2011 सालच्या फायरफॉक्स 4 ला म्हणून 97 गुणांवर थांबावे लागले. सप्टेंबर 2011 मध्ये हे प्रश्नच परीक्षेतून वगळले गेले! विद्यार्थ्याने विचारपूर्वक सोडलेला प्रश्न अखेर परीक्षकालाच मागे घ्यावा लागला.

आणखी एक उणीव आम्हा मराठी वाचकांना जाणवते. दुसऱ्या परीक्षेच्या पानावर चेहऱ्याखेरीज दोन इंग्रजी शब्द होते. जोडाक्षर एकही नव्हते. उच्चारात नंतर येणारी पण लिहिताना आधी येणारी ऱ्हस्व वेलांटी नव्हती. तो चेहरा अचूक काढणारा ब्राउझर ‘क्षितिज’ कसे लिहील, याबद्दल ती परीक्षा काहीच सांगत नव्हती.

यात नुकसान कोणाचे होते, ते आम्ही स्वतः अनुभवले आहे. शाळांकडून पावसाच्या नोंदी मागवण्यासाठी आम्ही एक पान तयार केले. आमच्या प्रयोगशाळेत ते निर्दोष चालले. एका शाळेच्या जुन्या संगणकावर मात्र ‘पाठवा’ हे बटण पडद्याबाहेर गेले आणि मुलांनी महिनाभर घेतलेल्या नोंदी आमच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. आपल्याच संगणकावर चाचणी घेऊन आम्ही समाधान मानले होते. चूक आमचीच होती.

आज ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ या सामायिक संग्रहात दहा लाखांहून अधिक उपचाचण्या आहेत. नियम बदलला की चाचणीही बदलते. एका भव्य प्रश्नपत्रिकेपेक्षा ही वर्षभराची तपासणी आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एका पानावर ‘विद्यार्थी’, ‘क्षितिज’, ‘तऱ्हा’, ‘वाङ्मय’ हे शब्द लिहावेत. ‘स्त्री’ने सुरू होणाऱ्या परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची सूचना द्यावी आणि पूर्ण जोडाक्षर मोठे होते की तुटते, ते पाहावे. ब्राउझर निवडताना मात्र सावध राहावे. क्रोम, एज आणि ऑपेरा ही नावे तीन असली तरी आतले यंत्र एकच आहे. सोबत फायरफॉक्स आणि शाळेतला सर्वांत जुना फोनही घ्यावा. पान आपल्याला कसे दिसते यापेक्षा शेवटच्या बाकावरच्या मुलाला ते दिसते का, हीच खरी कसोटी आहे.