लिनोकट : सामर्थ्य आणि मर्यादा
लिनोलियममध्ये लाकडाप्रमाणे तंतूंची दिशा नसते. त्यामुळे कोरणी सर्व बाजूंना सहज वळते. साहित्य स्वस्त असून यंत्राविनाही ठसे घेता येतात. कला सर्वसामान्यांपर्यंत नेऊ पाहणाऱ्या, १९४६ पासून मुंबईत राहिलेल्या चित्तप्रसाद (१९१५-१९७८) यांना हे माध्यम अनुरूप ठरले. मात्र त्यात सलग मधल्या छटा मिळत नाहीत. नंदलाल बसू यांच्या १९३० च्या दांडीयात्री गांधींच्या चित्रात हीच मर्यादा सामर्थ्य बनते, कारण तेथे एकच निश्चयी आकृती अभिप्रेत आहे. चित्तप्रसादांच्या बालमजुरांच्या चित्रमालिकेत चेहऱ्यांना त्या छटांची गरज भासते. ती उणीव ते बारीक समांतर रेषांनी भरून काढतात. तरीही काही चेहरे व्यक्ती न राहता प्रतीके होतात. वेदना सर्वांपर्यंत पोहोचते; त्या एका मुलाचे वेगळेपण मात्र निसटते.