'जास्मिन' : नामांतरे आणि स्थलांतरितांची ओळख

भारती मुखर्जी (१९४०–२०१७) यांनी 'एशियन-अमेरिकन' हे नामाभिधान स्वतःपुरते ठामपणे नाकारले. या जोडनावातील संयोगचिन्ह माणसाला मुख्य प्रवाहाच्या कडेला ढकलते, आपण केवळ अमेरिकन लेखिका आहोत, ही त्यांची भूमिका. कॅनडातील वास्तव्यात सोसलेल्या वर्णद्वेषाची पार्श्वभूमी तिला असल्याने ती निव्वळ आत्मप्रौढी म्हणून बाजूला सारता येत नाही. मात्र त्यांची 'जास्मिन' (१९८९) ही कादंबरीच या भूमिकेला छेद देते, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

पंजाबातील हसनापूरच्या ज्योतीला पती प्रकाश 'जास्मिन' करतो, न्यूयॉर्कमध्ये टेलर 'जेस' म्हणतो, आयोवातील बँकर बड 'जेन'. कादंबरी या नामांतरांना पुनर्जन्माचे रूप देते. पण यांतील एकही नाव नायिकेने स्वतः घेतलेले नाही. ओळख स्वेच्छेने टाकता-स्वीकारता येते, हे मग कसे मान्य करावे?

या दृष्टीने फ्लशिंगचा भाग अधिक बोलका आहे. प्रकाशचे गुरू देविंदर वढेरा घरात 'प्रोफेसरजी' म्हणून मान मिळवतात. प्रत्यक्षात ते भारतातून आलेले मानवी केस निवडण्याचा व्यवसाय करतात आणि ही गोष्ट घरच्यांपासूनही लपवतात. मुखर्जींच्या लेखी हे कुटुंब म्हणजे साचलेपण. हा निवाडा अन्यायकारक आहे. परक्या देशात पदवी निरुपयोगी ठरलेल्या माणसाला ते जुने संबोधनच उभे ठेवते, याची दखल लेखिकेने घ्यायला हवी होती. (आपल्यासारख्या अध्यापकांना तरी ते उमजावे.)

नामाभिधानांचा इतिहासही व्यक्तीच्या निवडीपुरता नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय 'गोरे' नाहीत, असे ठरवून नागरिकत्व नाकारले. पुढे १९७० च्या जनगणनेत मात्र भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. १९८० मध्ये 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र वर्ग आला, तो भारतीयांच्याच संघटनेने धरलेल्या आग्रहामुळे. अल्पसंख्याकांना मिळणारे संरक्षण त्यांना हवे होते. मुखर्जींना जे नाव बेडी वाटले, ते इतरांनी अर्ज करून मागून घेतले होते.

कादंबरीतला दत्तक व्हिएतनामी मुलगा डू आपली भाषा गुपचूप जपतो आणि अमेरिकनही होतो. त्याची ही दुहेरी ओळख निवेदिकेला स्वतःच्या आमूलाग्र बदलाहून वेगळी, काहीशी उणी वाटते. परंतु डू आपल्या बहिणीकडे कॅलिफोर्नियाला जातो तो स्वतःच्या निर्णयाने; ती निघते ती टेलरबरोबर, ज्याने तिला 'जेस' केले.