आकड्याशेजारचे अक्षर

एका प्रोग्रॅमिंग लायब्ररीचे परीक्षण दिवाळी अंकात कशासाठी, असे वाचकांना वाटू शकेल. पोथीची संहिता आपल्यापर्यंत कशी पोहोचली, मधल्या हातांनी तिचे काय केले, याची चिकित्सा आपण करतो. आकड्यांचीही संहिता असते आणि तिच्या आधारे नद्या वाटल्या जातात. म्हणून तिचीही चिकित्सा व्हायला हवी.

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाने, म्हणजे यूएसजीएसने, १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोतील एम्बुडो येथे रिओ ग्रांदे नदीवर आपले पहिले प्रवाहमापन केंद्र उभारले. तेव्हापासून देशभर जमत गेलेल्या नोंदी आज कोणालाही विनामूल्य मिळतात. त्या उतरवून घेण्यासाठी विभागातील लॉरा डेसिक्को, रॉबर्ट हिर्श आणि सहकाऱ्यांनी ‘आर’ या संगणकभाषेत ‘डेटारिट्रीव्हल’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, लिहिली. पायथन भाषेतही तिचे भावंड आहे.

तिला चार गोष्टी सांगाव्या लागतात: केंद्राचा क्रमांक, काय मोजायचे त्याचा संकेतांक, आरंभाची तारीख आणि अखेरची तारीख. कोलोरॅडो नदीवरील लीज फेरी केंद्राचा क्रमांक ०९३८०००० आणि प्रवाहाचा संकेतांक ०००६०. हे क्रमांक अवतरणचिन्हांत, अक्षरांसारखे लिहावे लागतात. संख्या म्हणून लिहिले तर आरंभीची शून्ये गळतात आणि केंद्र सापडत नाही. एवढे पाळले की १९२१ पासूनचा रोजचा सरासरी प्रवाह तक्त्याच्या रूपात समोर येतो. एकक घनफूट प्रतिसेकंद, म्हणजे आपल्या पावसाळी बातम्यांतला क्युसेक. माझ्यासारख्या, कोणत्याही विद्यापीठाचे ओळखपत्र नसलेल्या आणि ही भाषा घरी बसून शिकलेल्या माणसाला यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. हा या लायब्ररीचा पहिला गुण.

दुसरा गुण अधिक मोलाचा आहे, पण सहसा दुर्लक्षित राहतो. प्रवाहाच्या स्तंभाला लागून आणखी एक अरुंद स्तंभ येतो. त्यात ‘ए’ असेल तर आकडा तपासून मंजूर झालेला. ‘पी’ असेल तर तात्पुरता, पुढे बदलू शकणारा. सोबत ‘ई’ असेल तर अंदाजाने भरलेला. याचे कारण मोजण्याच्या रीतीतच आहे. केंद्रावरचे उपकरण रोज प्रवाह मोजत नाही, ते पाण्याची उंची नोंदवते. माणसे अधूनमधून नदीवर जाऊन प्रत्यक्ष प्रवाह मोजतात, उंची आणि प्रवाह यांचे नाते आलेखाने बसवतात आणि त्यावरून रोजचा आकडा काढला जातो. पात्र खरवडले, गाळ साचला की ते नाते पुन्हा तपासावे लागते. म्हणजे प्रत्येक आकडा संपादित पाठ असतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण आदराने सांगतो. इथे तसे शोधन सतत चालू असते आणि ते झाले की नाही हे आकड्याशेजारी लिहिलेले असते. आलेख काढण्याच्या घाईत हा स्तंभ वगळणारा माणूस हस्तलिखिताचा समास कापून टाकतो.

आता मर्यादा. लायब्ररी विचारलेले देते, न विचारलेले सांगत नाही. लीज फेरीचे केंद्र पारिया ही उपनदी मिळते त्याच्या वरच्या अंगाला आहे. १९२२ च्या कोलोरॅडो करारातील हिशेबाचे ठिकाण मात्र त्या संगमाच्या एक मैल खाली. त्यामुळे कराराचा हिशेब करायचा तर पारियावरच्या वेगळ्या केंद्राचे पाणीही मिळवावे लागते. वरच्या बाजूला ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ पासून पाणी अडवले जाऊ लागले. त्याआधीचा आकडा नदीचा, नंतरचा मुख्यतः धरणाच्या दरवाजांचा. तक्त्यात दोन्ही एकाच रांगेत, मध्ये साधी रेघही नाही.

सर्वांत मोठा प्रश्न वर्षांच्या निवडीचा. लायब्ररीत ती केवळ दोन तारखांची जागा आहे. इतिहासात त्या जागेवर सात राज्यांचे भवितव्य ठरले. करारावर सह्या झाल्या तेव्हा लीज फेरीच्या केंद्राला दोन वर्षेही झाली नव्हती. इतर ठिकाणच्या थोड्या वर्षांच्या नोंदींवरून अंदाज बांधून वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट पाणी नेमून दिले गेले. १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी यांनी झाडांच्या वर्षवलयांवरून दाखवले की विसाव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षे असाधारण ओली होती. सुकाळ पाहून केलेली वाटणी त्या खोऱ्याला आजही निस्तरावी लागते आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. कृष्णेच्या पाण्यासाठी बच्छावत लवादाने विजयवाडा येथील १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या प्रवाहमालेवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २०६० टीएमसी धरले. त्यातले ५६० महाराष्ट्राचे. दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षे घेतली आणि त्याच विश्वासार्हतेला २१७३ टीएमसी आले. नदी तीच, कसोटी तीच. वर्षांची खिडकी बदलली आणि ११३ टीएमसीचा फरक पडला.

म्हणून ‘डेटारिट्रीव्हल’ची शिफारस मी मोकळ्या मनाने करतो, पण एका अटीवर. तिच्यातून आलेला तक्ता पुढे ठेवणाऱ्याने तीन गोष्टी सोबत लिहाव्यात: कोणती वर्षे घेतली आणि का, केंद्र नेमके कुठे आहे, आणि शेजारच्या स्तंभात कोणती अक्षरे होती. पाणीवाटपाच्या कोणत्याही अहवालात या तीन ओळी नसतील, तर त्यातल्या सरासरीवर सही करण्याआधी त्या मागून घ्याव्यात.