गणना की अनुमान? : व्याघ्रसंख्येच्या अहवालाची परिभाषा

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण व डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांच्या २०२२ च्या पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. मराठीत तो सर्रास 'व्याघ्रगणना' या नावाने ओळखला जातो. त्याची व्याप्ती विलक्षण आहे. ३२,५८८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले व ४,७०,८१,८८१ छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी ९७,३९९ वाघांची होती. तथापि या परिश्रमाच्या फलितास 'गणना' म्हणावे काय, हा प्रश्न केवळ शब्दापुरता नाही. पाहणीच्या मूळ इंग्रजी नावात 'अनुमान' याच अर्थाचा शब्द आहे. मराठीत येताना नेमका तोच गळला.

'गणना' या शब्दात प्रत्येकाची नोंद गृहीत असते. पंजांच्या ठशांवरून वाघ मोजीत असत, तेव्हा तसा दावा तरी होता. परंतु कागदोपत्री वाघ असलेल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ साली उघड झाले आणि तो दावा फोल ठरला. २००६ च्या पाहणीपासून पद्धत बदलली. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, किंबहुना त्याच्या दोन कुशींवरचेही निराळे. म्हणून वाटेच्या दोहों बाजूंस कॅमेरे लावून तो ओळखतात, आणि तो पुनःपुन्हा किती वेळा टिपला जातो यावरून न टिपल्या गेलेल्यांचे प्रमाण काढतात. २०२२ मध्ये एक वर्षावरील ३,०८० वाघ असे प्रत्यक्ष ओळखले गेले. ३,६८२ ही संख्या मात्र अनुमान असून तिच्या मर्यादा ३,१६७ व ३,९२५ अशा दिल्या आहेत. लोकांच्या तोंडी मधला आकडा राहतो, मर्यादा राहत नाहीत. मग पुढील पाहणीत शंभर वाघ कमी दिसले, तर ते खरोखर घटले की अनुमानाच्या कक्षेतच राहिले, हे वाचकाने कसे ठरवावे?

इतर सस्तन प्राण्यांविषयी अधिकच सावधपणा हवा. बिबट्या ठिपक्यांवरून ओळखता येतो. सांबर वा रानडुक्कर यांच्या अंगी तशी खूण नाही. त्यांच्याविषयी ठरावीक रात्रींत मिळालेल्या छायाचित्रांचे प्रमाण तेवढे सांगता येते, आणि प्रमाण म्हणजे संख्या नव्हे. शिवाय ही पाहणी मुख्यत्वे वाघांच्या वनांची आहे. तिच्यावरून निघालेले बिबट्यांचे १३,८७४ हे अनुमान 'देशातील बिबट्यांचे' म्हणून सांगितले, की जुन्नरच्या उसात वावरणारा बिबट्या हिशेबातून निसटतो. आणि मनुष्यवस्तीशी प्रत्यक्ष संबंध येतो तो त्याचाच.

फारसीत मोजणीचा वाचक असलेला 'शुमार' मराठीत 'सुमार' होऊन अदमास दर्शवू लागला. येथे आपण उलट, अदमासालाच मोजणी म्हणत आहोत. 'व्याघ्रसंख्यानुमान' हा शब्द रूढ करावा व आकडा नेहमी मर्यादांसह छापावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.